शिक्षकांसाठी भूविज्ञानाचे उपक्रम: या चुका टाळा

शाळेतल्या शिक्षकांना भूविज्ञान शिकवायला मदत व्हावी म्हणून विद्यापीठाचा विभाग, संग्रहालय किंवा भूवैज्ञानिकांची संघटना शाळांशी भागीदारी करते. हेतू मनापासूनचा असतो. तरीही दोन वर्षांनी चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी एक फोटो आणि एक करारपत्र एवढंच हाती लागतं. अशा उपक्रमांत मी बरीच वर्षं काढली आहेत. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच असतात.

एका दिवसाची कार्यशाळा आणि मग राम राम

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि आमच्या पहिल्या उपक्रमात आम्हीही ती केली. चाळीस शिक्षक, दिवसभरात सहा व्याख्यानं आणि निघताना प्रत्येकाला बारा खडक-खनिजांची पेटी. वर्षभराने मी त्यातल्या एका शाळेत गेलो आणि पेटीबद्दल विचारलं. बाईंनी ती कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून टेबलावर ठेवली. आतल्या दोन नमुन्यांची लेबलं सुटून तळाशी पडली होती, एक कॅल्साइटचं आणि एक गारगोटीचं. दोन्ही तुकडे पांढरट. बाई म्हणाल्या, "सर, कुठलं लेबल कुणाचं ते मला कळेना. मुलांपुढे चुकीचं सांगायला मन होईना, म्हणून ठेवून दिली."

मी खिशातला पोलादी खिळा काढून त्यांच्या हातात दिला. एका तुकड्यावर लगेच ओरखडा उठला, दुसऱ्यावर खिळ्याचीच करडी रेघ उमटली आणि बोटाने पुसली गेली. खनिजशास्त्रज्ञ मोह्जने 1812 साली मांडलेल्या कठिणतेच्या श्रेणीत कॅल्साइट 3 वर आहे, गारगोटी 7 वर, आणि खिळा या दोघांच्या मधे. ओरखड्यातून निघालेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला तर कॅल्साइटवर बुडबुडे येतात, गारगोटीवर काहीच होत नाही. दोन मिनिटांचं काम. पण त्या सहा व्याख्यानांत आम्ही एकाही शिक्षकाच्या हातात खिळा दिला नव्हता, आणि तेवढ्यासाठी एक पेटी वर्षभर बंद राहिली.

तेव्हापासून मी पेटीतले दोन नमुने मुद्दाम लेबल न लावता देतो आणि ते शिक्षकांकडूनच ओळखून घेतो. खिळा, काचेचा तुकडा आणि थेंब टाकायची बाटली पेटीतच असते. तीन आठवड्यांनी मी प्रत्येकाला स्वतः फोन करतो, आणि त्याच सत्रात एकदा वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसतो. हे जमणार नसेल तर शाळा कमी घ्याव्यात. चाळीस शाळांचा आकडा अहवालात शोभतो, पण दहा शाळांत खडक मुलांच्या हातात गेले तर मला ते जास्त मोलाचं वाटतं. युरोपीय भूविज्ञान संघ 2003 पासून आपल्या वार्षिक अधिवेशनातच शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतो. तीही एका दिवसात उरकत नाही, कारण शिक्षकाला शास्त्रज्ञाशी बोलायला, अडायला, पुन्हा विचारायला वेळ लागतोच.

तज्ज्ञाने घाईघाईत केलेलं 'सोपं'

"वर भूकवच आणि त्याखाली सगळा लाव्हा." हे वाक्य मी भल्याभल्या वक्त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. शिक्षकांना सोपं करून सांगायचं म्हणून ते बोलून जातात. एक शिक्षक ते दरवर्षी तीन-चार वर्गांत सांगतो, म्हणजे ती चूक किती मुलांपर्यंत जाते याचा हिशोब करा. भूकवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी, म्हणजे बाजूला झोके देत पुढे जाणाऱ्या लहरी, द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या व्यवस्थित जातात. सुमारे 2,900 किलोमीटर खोलीवर, द्रवरूप बाह्य गाभ्यापाशी त्या थांबतात.

"मग घन असून ते वाहतं कसं?" हा प्रश्न शिक्षक विचारणारच, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. मी डांबराचा गोळा दाखवतो. हातोडी मारली की त्याच्या ठिकऱ्या उडतात, पण बराच काळ तसाच ठेवला तर तो हळूहळू पसरतो. लहरींसाठी शिक्षकांनाच रांगेत उभं करतो. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पहिल्याने बाजूला झोका घेतला की तो शेवटच्यापर्यंत पोचतो, हा घन पदार्थ. हात सोडले की बाजूचा झोका पहिल्यापाशीच मरतो, पण मागून दिलेला धक्का पुढे जात राहतो, हा द्रव. हे अंगाने अनुभवलेला शिक्षक 'लाव्हा' पुन्हा म्हणत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार स्लाइडी दाखवून हे होत नाही, आणि शॉर्टकट विचारणाऱ्या उत्साही नवख्यांना मी दरवेळी हेच सांगतो.

उरलेल्या चुका थोडक्यात.

भूकंपमापक भेट दिला आणि जिन्याशेजारी बसवला, तर त्यात मुलांच्या धावपळीचीच नोंद होईल. तळमजल्यावर, जमिनीला घट्ट आणि वर्दळीपासून लांब ठेवा. बिघडला तर कोण येणार, त्याचं नाव आधी ठरवा.

मुलांनी तापमान-पाऊस मोजायचा आणि वही कपाटात जायची, असं झालं की सहा महिन्यांत मोजणं बंद पडतं. 1995 साली सुरू झालेल्या ग्लोब या आंतरराष्ट्रीय शालेय कार्यक्रमात मुलांच्या नोंदी सामाईक माहितीसाठ्यात जातात आणि शास्त्रज्ञही त्या वापरू शकतात. लहान उपक्रमातही नोंदी वाचणारं कुणीतरी हवं. महिन्यातून एकदा "तुमच्या मंगळवारच्या आकड्यात गडबड दिसते, पुन्हा बघाल का?" एवढं विचारलं तरी पुरतं.

मुख्याध्यापकांना विश्वासात न घेता थेट शिक्षकाला गळ घालू नका. तास त्याला वेळापत्रकातूनच काढावा लागतो.

'कार्यशाळा कशी वाटली?' या प्रश्नावर सगळे 'छान' लिहितात. त्याऐवजी 'पुढच्या महिन्यात यातलं काय वर्गात करणार, आणि कुठे अडेल असं वाटतं?' असं विचारा.

आणि विषय आपणच ठरवून जाऊ नका. पहिल्या भेटीत मी पाठ्यपुस्तक समोर ठेवून विचारतो की हा धडा कुठल्या महिन्यात येतो, त्याला किती तास मिळतात आणि मागच्या वर्षी मुलांनी काय विचारलं होतं. एका सरांनी सांगितलं होतं, "मुलं विचारतात, दगडाचं वय कसं कळतं? आणि तिथे मी विषय बदलतो." त्या वर्षीचा आमचा सगळा कार्यक्रम मग त्या एका प्रश्नाभोवती बांधला.