फवारणीआधी भातातले कोळी ओळखा

निसवणीच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) सुमारास उघडीप मिळून उकाडा वाढला की खाचरात भाताचा रस शोषणारे तपकिरी तुडतुडे वाढतात आणि पंप बाहेर निघतात. त्याआधी एकदा पहाटे शेतात उतरा. दव असेपर्यंत जाळी स्वच्छ दिसतात, ऊन चढल्यावर तीच सापडत नाहीत.

बांधावरच्या झुडपात गोल, उभे जाळे आणि मध्यभागी डोके खाली करून बसलेली पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची मादी दिसली, तर ती आर्जिओपे. लांबी 8 ते 12 मि.मी., नर निम्म्याहून लहान. पाय जोडीजोडीने फुलीसारखे ताणलेले असतात. जाळ्यातली पांढरी नागमोडी नक्षी मात्र कधी चारही बाजूंना, कधी एकाच बाजूला, तर कधी नसतेच. तेवढ्यावर ओळख ठरवू नका. फोटो सगळे हिचेच काढतात, पण हिच्या जाळ्यात मुख्यतः नाकतोडे आणि पतंग अडकतात.

तुडतुड्यांसाठी हिच्यापेक्षा कामाचा तो टेट्राग्नाथा कोळी. अंग काडीसारखे, जबडे लांब, जाळे पाण्यावर जवळजवळ आडवे. चाहूल लागताच पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून पात्याला असा चिकटतो की शीरच वाटावी. पात्यावरचे कापसासारखे पुंजके ही त्याची अंडी असू शकतात. रोग समजून खुडू नका. चुडाच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्याच्या) बुंध्याशी पाण्यावर पळणारा लांडगा कोळी जाळे विणत नाही, पण मोजताना तोही धरा.

बांधालगत कोळी जास्त असतात, म्हणून मोजणी आत शिरून करा. तिरके चालत 10 चूड घ्या, प्रत्येक चूड हलकेच वाकवून बुंध्यावर थाप मारा आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे आणि कोळी मोजा. फुटव्यामागे (चुडातल्या प्रत्येक दांड्यामागे) सरासरी 1 तुडतुडा ही फवारणीची पातळी. पण चुडागणिक 1 कोळी असेल तर 2 पर्यंत थांबता येते. 15 फुटव्यांच्या चुडात म्हणजे 15 ऐवजी 30.

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन ही कीटकनाशके भातात नकोच. वरचे कोळी मरतात, बुंध्यातले तुडतुडे व त्यांची अंडी वाचतात आणि पुढची पिढी दुपटीने उसळते. पातळी ओलांडलीच, तर पाणी काढून पायमेट्रोझिन 50 टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळणारे दाणेदार कीटकनाशक) हेक्टरी 300 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून, नोझल बुंध्याकडे धरून फवारा. नुसती पाने भिजवली तर औषध वाया जाते. युरियाचा राहिलेला हप्ता तोवर रोखा. बांधावरचे गवतही एकदम साफ करू नका, निदान एक बाजू कापणीपर्यंत राहू द्या.