दोन्ही पाय दुखत असले तर घोडा लंगडत नाही

तबेल्यात नवीन आलेल्या पोरांना मी आधी खोगिराला हात लावू देत नाही. सकाळी घोडा बाहेर काढला की त्याची पहिली वीस पावलं बघायची, एवढंच काम. बहुतेकांना हा टाइमपास वाटतो, आणि काही जण तेवढ्यावरच पळतात. पळू देत.

आपण गोव्यातली माणसं लहानपणी घोडे बघतो ते शिगम्याच्या घोडेमोडणीत, म्हणजे कमरेला बांधून नाचवलेले लाकडी घोडे. खऱ्या घोड्याशी गाठ पडते ती पुढे पेडण्या-मोरजीकडे काम धरल्यावर, आणि तो बऱ्याचदा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. दोन वर्षांचा असल्यापासून पळवलेला. शरीराचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असल्यामुळे त्याचे फेटलॉक (खुराच्या वरचे सांधे) आणि पुढचे गुडघे आपल्या हाती येण्याआधीच झिजलेले असू शकतात.

लंगडणं ओळखायची रीत सगळ्यांना माहीत असते. दुडकी चाल धरायला लावायची आणि डोकं बघायचं. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. ही रीत बरोबरच आहे, पण ती एका पायाच्या दुखण्याची आहे. मी नेमका इथेच फसलो, म्हणून जरा लांबण लावतो. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असले तर घोडा डोकं कुठल्या पायासाठी उचलणार? दोन्ही चपला चावत असल्या की माणूस लंगडत नाही, जपून जपून चालतो. घोड्याचंही तसंच. पावलं आखूड पडतात, उतारावर तो थबकतो, वळायला कुरकुरतो, अडखळतो. मालक म्हणतो, आळशी झालाय. शिकवणारा म्हणतो, टाच मार. आणि आपण मारतो.

संशय आला तर त्याला घट्ट, सपाट जमिनीवर लांब दोरीने गोलात फिरवा. डावीकडे फिरताना डावा पाय लंगडला आणि उजवीकडे फिरताना उजवा, तर दुखणं दोन्हीकडे आहे असं धरा. डॉक्टर कधी कधी एक पाय सुईने बधिर करतात, आणि तोवर सरळ चालणारा घोडा अचानक दुसऱ्या पायाने ठळक लंगडू लागतो. मालक ओरडतो, सुईने पाय बिघडवला! बिघडलेलं काही नसतं. दडलेलं दुखणं तेवढं उघडं पडतं.

सकाळी आखडलेला घोडा दहा मिनिटांत मोकळा होतो, यावरही भाळू नका. संधिवाताची सुरुवात बरेचदा अशीच दिसते. सांध्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असतं त्या कूर्चेला ना नसा असतात ना रक्तवाहिन्या. दुखतं ते सांध्याचं अस्तर आणि कूर्चेखालचं हाड. म्हणजे घोडा दुखणं दाखवतो तोवर कूर्चा खराब झालेली असू शकते, आणि ती पूर्वीसारखी भरून येत नाही. पोटात गोळा येतो ना? माझ्याही आला होता. पण झीज थोपवता येते, आणि अशा सांध्यांचे घोडे हलकं काम वर्षानुवर्षं करतात. हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या, खालच्या लहान सांध्यांत तर हाडं कधी कधी आपोआप जुळतात आणि दुखणं ओसरतं. ते सांधे तसेही फारसे हलत नाहीत.

वरातीच्या हंगामात ब्यूट (फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक) देऊन घोडा उभा करणाऱ्यांना मी उस्ताद म्हणत नाही, मग ते कितीही जुने असोत. डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली तर औषध चांगलंच आहे. पण दुखणं झाकून वर मिरवणूक काढली की सांधा आणखी झिजतो. दोन वेदनाशामकं एकत्र तर मुळीच नको. पोटात व्रण होतात, आतडी सुजतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडंही जातात.

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाईनच्या डब्यांनी फरक पडतो याचे पुरावे कच्चे आहेत. ते पैसे नालबंदाला द्या. सहाएक आठवड्यांनी खूर तासलेच पाहिजेत. पुढचा भाग लांबला की प्रत्येक पावलाला सांध्यावर जादा ताण येतो. वजन आटोक्यात ठेवा. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात.

जमिनीचं म्हणाल तर जांभ्याच्या कातळावर दुडकी चाल नको, हादरा थेट सांध्यात जातो. किनाऱ्यावरची कोरडी, भुसभुशीत वाळूही फसवी, तिथे पायातल्या कंडरा (टेंडन) ताणतात. ओहोटीनंतरची ओली, दबलेली वाळू त्यातल्या त्यात बरी, तीही हळूहळू सवय करून. पावसाळ्यात जूनपासून घोडा नुसता बांधून ठेवाल तर गणपतीपर्यंत आखडून जाईल. सांध्यातल्या वंगणाचं काम हालचालीवर चालतं. पाऊस थांबला की चालवा, रोज.

एका गोष्टीत मात्र थांबायला वेळ नसतो. सांध्याजवळ छोटी जखम, आणि सांधा गरम, सुजलेला, घोडा पाय टेकवत नाही, असं दिसलं तर हळद-तेल, लेप, ब्यूट काही नको. जंतू सांध्यात शिरलेले असू शकतात. मग तासांचा हिशेब असतो आणि घोडा कायमचा जायबंदी होऊ शकतो. जखम अगदी सांध्यावर असेल तर तो लंगडायची वाटही बघू नका. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे. म्हणून घोड्यांचा अनुभव असलेल्याचा नंबर आधीच मिळवा आणि तबेल्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रात्री दोनला उठवलं तर येणार का, हेही त्यांना आत्ताच विचारून घ्या.