बदामी रंग मळकट दिसू नये म्हणून

साताऱ्यात किंवा सांगलीत रंगाच्या दुकानात जाऊन "बिस्किट कलर दाखवा" असे म्हटले, की समोर शेडकार्डाची पाने उघडली जातात. त्यांवर बदामी, मोतिया, हस्तिदंती, चंदनी अशा फिकट चौकोनांच्या ओळीच्या ओळी असतात आणि दोन मिनिटांत ते सगळे डोळ्यांना सारखेच दिसू लागतात. घरी भिंतीवर मात्र त्यांतला एक खरवसासारखा मऊ दिसतो, दुसरा जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा गुलाबट होतो आणि तिसरा, काम कालच संपलेले असूनही, दहा वर्षांची धूळ बसल्यासारखा वाटतो. आमच्या साताऱ्याच्या घराचा हॉल मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेल्या रंगाने रंगवून घेतला होता आणि कोटा फरशीवर तो इतका गुलाबी दिसू लागला, की दुसऱ्याच वर्षी पुन्हा रंगकाम काढावे लागले. त्यानंतर स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या अनेक खोल्यांसाठी रंग निवडताना जे कळले, ते येथे क्रमाने सांगतो.

आधी या रंगाची घडण समजून घेतली पाहिजे. दुकानातील टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये थोडा पिवळा, त्याहून कमी तांबडा आणि अगदी थेंबभर काळा रंग सोडते, तेव्हा बदामी रंग तयार होतो. त्यातला पिवळा आणि तांबडा हे बहुधा लोहाचे ऑक्साइड असतात, म्हणजे पूर्वी चुन्यात पिवडी किंवा गेरू कालवून भिंती सारवत, त्याच जातीचे हे रंगद्रव्य आहे आणि म्हणूनच ते उन्हाने सहसा विटत नाही. तांबड्याचे प्रमाण थोडे वाढले, की भिंत गुलाबट होते. पिवळा वाढला, की ती हळदुवी होते. पिवळ्यात काळा अधिक पडला, की हिरवट झाक येते, कारण पिवळा आणि काळा मिळून शेवाळी रंग होतो, आणि "रंग का कोण जाणे आजारी दिसतो" ही तक्रार बहुतेक वेळा या हिरवट झाकेची असते. बदामी रंगाची निवड म्हणजे खरे तर या झाकेची निवड होय, आणि फिकट-गडदपणाचा विचार त्यानंतर करावा.

झाक ओळखण्याची सोपी रीत अशी, की शेडकार्डाच्या ज्या पट्टीवर आपला रंग आहे, तिच्या सर्वांत गडद चौकोनाकडे पाहावे. फिकट छटेत जे लपलेले असते, ते तेथे उघड दिसते. तो गडद चौकोन विटेकडे झुकत असेल तर वरचा फिकट रंगही भिंतीवर गुलाबट होणार, गुळाकडे झुकत असेल तर उबदार राहणार आणि भिजलेल्या मातीसारखा असेल तर करडा होणार, असे समजावे. याशिवाय तीन-चार छटा कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. एकटी छटा पाहिली तर डोळा तिला "बदामी" एवढेच म्हणतो, पण सोबतीला दुसरी ठेवली की फरक बोलू लागतो.

पुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग प्रकाशाचा आहे, आणि येथे परदेशी मासिकांतील सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही. उत्तरेची खोली कायम थंड प्रकाशाची असते, असे त्यांत लिहिलेले असते. सातारा सुमारे १७.७ आणि सांगली सुमारे १६.९ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. शाळांतून आता मुलांना दाखवला जाणारा शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, याच काळाच्या दोन टोकांना येतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात ऊन डोकावते, आणि थंडीत मात्र तिच्यातून केवळ निळसर, उन्हाविना आलेला उजेड मिळतो. अशा खोलीला पिवळसर किंवा अगदी किंचित गुलाबट झाक असलेला बदामी द्यावा, कारण करड्या झाकेचा बदामी तेथे डिसेंबर-जानेवारीत सिमेंटसारखा दिसतो. याउलट दक्षिणेच्या खोलीत दिवाळीनंतर ऊन आतपर्यंत पसरते आणि तेथे थोडा करडा मिसळलेला रंगही उबदार भासतो. पश्चिमेची खोली सर्वांत फसवी असते. दुपारी चारनंतर तिरपे, नारिंगी ऊन भिंतीवर पडले, की पिवळसर बदामी थेट गेरूकडे जातो, म्हणून तेथे झाक जितकी शांत तितकी बरी. पूर्वेच्या खोलीला फार विचार लागत नाही. सकाळी ती छानच दिसते, तेव्हा संध्याकाळच्या दिव्यांत कशी दिसते एवढे पाहावे.

खिडकीबाहेर काय आहे, हेही विसरू नये. सांगलीकडे मळ्यातल्या घराच्या खिडकीला लागून उसाचा फड असेल, किंवा अंगणात कडुनिंब अथवा आंबा दाट असेल, तर आत येणारा उजेड हिरवा होऊन येतो आणि हिरवट झाकेचा बदामी त्यात अधिकच मलूल होतो. साताऱ्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर ढग उतरलेले असतात. मे महिन्याच्या लख्ख उन्हात पसंत केलेला रंग त्या पावसाळी उजेडात तीन-चार महिने वागवावा लागतो. बहुतेक घरांत रंगकाम दसरा-दिवाळीच्या आधी निघते. तेव्हा नमुने गौरी-गणपतीच्या सुमारास लावून पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण त्या दिवसांत ढगाळ सकाळ आणि स्वच्छ दुपार अशा दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात होतात.

रात्रीच्या दिव्यांचा निर्णय रंगाआधी घ्यावा. आपल्या घरांतील पांढरे एलईडी बल्ब आणि ट्यूब बहुधा ६५०० केल्विनचे असतात (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), आणि तो निळसर प्रकाश बदामी रंगातील ऊब काढून घेतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा तीच भिंत सायीसारखी करतो. अभ्यासाच्या किंवा स्वयंपाकाच्या जागी पिवळा दिवा नको वाटत असेल, तर ४००० केल्विन हा मधला मार्ग उत्तम आहे. दिव्याच्या खोक्यावर बहुधा सीआरआय हा, त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात ते सांगणारा, आकडा छापलेला असतो, तो ८० पेक्षा कमी नसावा आणि ९० मिळाल्यास रंग खरे दिसतात. रंग बदलण्यापेक्षा दिवा बदलणे फार स्वस्त असते, त्यामुळे सध्याची भिंत मळकट वाटत असेल तर आधी दोन दिवे बदलून पाहावेत.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावण्याची पद्धत मला पटत नाही. शेजारच्या जुन्या निळ्या किंवा पिस्ता रंगामुळे नवा बदामी आहे त्याहून तांबूस भासतो. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याचे किंवा प्लायवूडचे दोन फूट बाय दोन फुटांचे दोन तुकडे घ्यावेत, त्यांना प्रायमर लावून रंगाचे दोन हात द्यावेत आणि कडेला बोटभर पांढरी किनार ठेवावी. ओला रंग पाहून मत बनवू नये, कारण इमल्शन वाळल्यावर थोडे गडद होते. वाळल्यावर दोन्ही तुकडे खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करावेत. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि त्यामुळे खोलीत तो शेडकार्डापेक्षा अधिक भरलेला दिसतो, हे या कोपऱ्यात आधीच कळते. तुकडे टेबलावर आडवे ठेवून पाहणे व्यर्थ आहे, कारण भिंत उभी असते आणि तिच्यावर उजेड वेगळा पडतो. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावल्यावर, असे निदान दोन दिवस पाहावे, आणि दोन छटांमध्ये मन अडकले तर फिकट छटा घ्यावी.

फिकट म्हणजे किती, यासाठी बऱ्याच कंपन्यांच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो. भिंत किती उजेड परत फेकते ते तो सांगतो. पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला १००. भरपूर उजेडाच्या हॉलला ५५ ते ६५ चा बदामी शोभतो आणि साधारण खोलीला ६५ ते ७५ चा. अंधाऱ्या माजघराला किंवा बोळाला मात्र सर्वांत फिकट छटा द्यावी, हा समज नेहमी खरा ठरत नाही. तेथे परत फेकायला उजेडच नसल्यामुळे फारच फिकट रंग नुसता राखाडी होतो, तर थोडा भरलेला, गुळाच्या पोळीच्या पिठासारखा रंग दिव्याच्या उजेडात खोलीला जिवंत ठेवतो.

फरशी, दारे आणि ओटा हे सहसा बदलत नाहीत, त्यामुळे रंगाने त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते. शहाबादी फरशी निळसर करडी असते आणि तिच्यावर पिवळसर बदामी सुरेख उठून दिसतो. कोटा फरशी हिरवट असते, आणि हिरव्याशेजारी तांबूस रंग अधिक तांबडा भासतो, हाच माझ्या हॉलचा घात होता. कोट्यावर गुलाबट झाक टाळावी आणि शाळूच्या पिठासारखा तटस्थ रंग घ्यावा. जुन्या वाड्यांत लाल कोबा आणि सागवानी चौकटी असतील, तर तेथे भिंतीने आणखी ऊब दाखवण्याची गरज नसते. सागाचा रंग मुळातच नारिंगी तपकिरी असतो, म्हणून किंचित करडी झाक असलेला फिकट बदामी लाकडाला मोकळेपणा देतो. नव्या फ्लॅटमधील क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइलचा एक तुकडा बिल्डरकडून किंवा दुकानातून मागून नमुन्याखाली ठेवून पाहावा. दोन क्रीम एकमेकांशी जमले नाहीत, तर त्यांतला एक हमखास अस्वच्छ दिसतो.

छताच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. झगझगीत निळसर पांढरे छत बदामी भिंतीवर आले, की भिंत जुनी दिसते. छतासाठी भिंतीचाच रंग पाव मात्रेने मिसळून द्या, असे दुकानात सांगता येते, आणि तेवढ्याने खोली शांत होते.

स्वयंपाकघराला धुता येणारे, किंचित चमक असलेले इमल्शन घ्यावे, कारण फोडणीचा तेलकट थर आणि हळदीचे बोट मॅट रंगावर कायमचे बसते. हॉल आणि बेडरूममध्ये मात्र मॅट बरे, कारण चमक गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा दाखवते. देवघराची भिंत समई-निरांजनाच्या उजेडात पाहून ठरवावी. पितळ आणि बदामी यांची संगत इतकी चांगली आहे, की तेथे एक छटा गडद घेतली तरी शोभते.

ओल असलेल्या भिंतीवर यांपैकी काहीही टिकणार नाही. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीतील ज्या घरांच्या भिंती पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या खालच्या भागात क्षार मुरलेले असू शकतात आणि ते बदामी रंगावर पांढऱ्या भुरभुरीत थराच्या रूपाने फार ठळक दिसतात. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्यावेत. जुन्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा, आणि त्याच्या आत दव धरले तर रंगाऱ्याला थांबवून आधी ओलीचे मूळ शोधावे. तैलरंग देऊन ओल झाकण्याचा सल्ला मिळाला तरी मानू नये, कारण आतले पाणी कोंडून तेथे पोपडे येतात.

रंग किती लागेल, याचा हिशेब स्वतः करून ठेवावा. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते, आणि त्यातून एक दार व एक खिडकी वजा केली की साधारण ४०० उरते. पुट्टी केलेल्या भिंतीवर चांगले इमल्शन दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट जाते, म्हणजे तीन ते साडेतीन लिटर लागतात आणि चार लिटरचा डबा पुरतो. मोठ्या हॉलसाठी अनेक डबे घ्यावे लागले, तर सगळे एकाच दिवशी टिंट करून घ्यावेत आणि वापरण्याआधी एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. थेंबभर काळ्याच्या फरकानेही बदामीत दोन भिंतींचा रंग वेगळा पडतो. काम संपल्यावर उरलेल्यातला थोडा रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवावा, आणि शेडचा क्रमांक, कंपनी, मॅट की चमकदार आणि टिंटिंगची तारीख डब्यावरून उतरवून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस कागदावर चिकटवून ठेवावी.