फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिपच्या अर्जाआधी

महाविद्यालयात नोकरी करणाऱ्याने फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी, म्हणजे पीएचडीनंतर अमेरिकेत संशोधन करण्याच्या फेलोशिपसाठी, अर्ज करायचे ठरवले, तर सर्वांत आधी आपल्या महाविद्यालयाच्या संमतिपत्राच्या मागे लागावे. मागच्या खेपेला मी याच्या उलट केले. चार महिने प्रस्तावावर घालवले आणि पत्र शेवटच्या आठवड्यात मागितले. ते मिळाले, त्यावर जावक क्रमांक होता, शिक्का होता, माझ्या कामाचे कौतुक होते, पण फेलोशिपच्या काळात रजा मंजूर केली जाईल, हे वाक्य नव्हते, आणि नोकरीतील अर्जदाराच्या पत्रात नेमके तेच लागते. दुरुस्तीसाठी गेले तेव्हा प्राचार्य बाहेरगावी होते आणि दीर्घ रजेचा निर्णय संस्थेच्या कार्यकारिणीत होतो, असे कार्यालयाने सांगितले. मुदत टळली.

म्हणून पत्राचा मसुदा स्वतः लिहून द्यावा आणि रजेचे वाक्य त्यात सुट्या ओळीत ठेवावे. मुदत सहसा जुलैमध्ये संपते. मे महिन्यात सुटी आणि जूनमध्ये प्रवेशांची गर्दी असते, म्हणून हा विषय एप्रिलपूर्वीच कार्यकारिणीपुढे गेला पाहिजे. ‘आमची हरकत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. हरकत नसणे वेगळे आणि रजा देणे वेगळे.

पीएचडी गेल्या चार वर्षांत मिळालेली असावी लागते; नेमक्या तारखा त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. पदवी प्रमाणपत्र हाती आले नसेल, तर विद्यापीठाकडून तात्पुरते प्रमाणपत्र घ्यावे.

अमेरिकेतील यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र आपणच मिळवायचे असते आणि त्यात कालावधी, शक्यतो तारखांसह, असावा लागतो. दहा प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवू नये. त्याला उत्तर येत नाही. त्यांचा कोणता लेख वाचला, त्यातील कोणत्या प्रश्नापासून आपले काम सुरू होते आणि तिथल्या कोणत्या संग्रहाची किंवा प्रयोगशाळेची गरज आहे, हे पहिल्या परिच्छेदातच यावे. फेलोशिप आठ ते चोवीस महिन्यांची असते. निमंत्रण बारा महिन्यांचे आणि रजा सहा महिन्यांची, असे झाले तर अर्जातील दोन कागद एकमेकांच्या विरोधात जातात. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून तारखा जुळवाव्यात.

प्रस्तावात हे काम अमेरिकेतच का करायला हवे, याचे उत्तर हवे. विषय थोर आहे, हे पुन्हापुन्हा सांगून ते उत्तर मिळत नाही. विषयाबाहेरच्या एका सहकाऱ्याला प्रस्ताव वाचायला द्यावा आणि त्याला जिथे अडखळायला होईल, तिथे पुन्हा लिहावे. शिफारसपत्रे तीन लागतात. शिफारस करणाऱ्यांना निदान महिनाभर आधी सांगावे आणि प्रस्तावही सोबत द्यावा. प्रकाशित लेखाची प्रत जोडावी.

मुलाखतीत प्रस्तावावरच प्रश्न येतात, तो तोंडपाठ नव्हे, पण पूर्ण आठवणीत असावा. व्हिसा जे-१ प्रकारचा असतो आणि त्यासोबत परतल्यावर दोन वर्षे मायदेशात राहण्याची अट येते. घरच्यांशी त्याबद्दल आधीच बोलावे.

निवड झाल्यावर रजेचा लेखी आदेश घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत कार्यमुक्त होऊ नये.