मुरघासाच्या बंकरचे माप: आधी तोंड, मग लांबी

मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेली हिरव्या चाऱ्याची बारीक कुट्टी, साठवण्यासाठी भिंतींचा बंकर बांधायला निघालेला शेतकरी गवंड्याला सहसा एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे किती टन माल मावला पाहिजे. मात्र बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, हुक्केरी या भागांतल्या गोठ्यांवर मी पाहिलेली बरीचशी नासाडी जागा कमी पडल्यामुळे झालेली नव्हती, तर बंकरचे तोंड, म्हणजे जिथून रोज माल काढतात ती उघडी बाजू, जनावरांच्या संख्येच्या मानाने फार मोठे ठेवल्यामुळे झालेली होती. म्हणून हिशेबाची सुरुवात रोजच्या वैरणीपासून करावी.

समजा गोठ्यात आठ मोठी जनावरे आणि चार कालवडी आहेत. मोठ्या जनावराला रोज 18 किलो आणि कालवडीला 6 किलो मुरघास धरला, तर रोजची गरज 168 किलो होते. बाकीचे पोट कडबा, पिंजर आणि खुराक यांनी भरावयाचे आहे, हे येथे गृहीत धरले आहे.

किती दिवसांसाठी साठवायचे, हे आपल्या भागातल्या पिकांवरून ठरते. ऊसपट्ट्यात हंगाम चालू असेपर्यंत वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळते. ते एकटेच भरपूर घालणे योग्य नाही, कारण त्यातील ऑक्झलेट जनावराच्या आहारातील कॅल्शियम बांधून ठेवते. पण निम्मी-अर्धी गरज तरी त्यावर भागते. खरी ओढ मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण 150 दिवस असते. मृगाचा पाऊस लांबला तर नवी वैरणही लांबते, म्हणून आणखी एक महिना धरून 180 दिवसांचा साठा करावा, असे माझे मत आहे. 168 किलोप्रमाणे 180 दिवसांना सुमारे 30 टन मुरघास लागतो. मुरताना आणि काढताना 15 टक्के घट धरली, तर भरताना 35 ते 36 टन हिरवी कुट्टी हवी. एकरी 15 टन हिरवा चारा धरल्यास त्यासाठी जवळजवळ अडीच एकर मका लावावा लागेल.

नीट दाबलेल्या मुरघासाचे वजन घनफुटाला साधारण 16 किलो भरते. त्या हिशेबाने आपल्याला सुमारे 2220 घनफूट जागा हवी. येथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण बरोबर करतात आणि दहा फूट रुंद, सहा फूट उंच, 37 फूट लांब असा एकच बंकर बांधून मोकळे होतात.

उघडलेल्या तोंडावरचा मुरघास हवेच्या संपर्काने तापू लागतो आणि त्यात बुरशी धरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टाळायचे असेल, तर संपूर्ण तोंडावरून रोज किमान अर्धा फूट जाडीचा थर निघाला पाहिजे. 168 किलो म्हणजे साडेदहा घनफूट. साठ चौरस फुटांच्या तोंडावरून एवढा माल काढला, तर रोज जेमतेम दोन इंच निघतात. मीही पहिला बंकर असाच बांधला होता. मे महिन्यात त्यात हात घातला की चटका बसे, आणि गाई गव्हाणीतून तोंड काढून घेत. इतक्या कष्टाने पिकवलेली वैरण उकिरड्यावर टाकताना जीव तुटतो.

म्हणून या गोठ्यासाठी तोंड वीस-एकवीस चौरस फुटांहून मोठे नको. पाच फूट रुंद आणि चार फूट उंच असे माप घेतले, तर एकूण लांबी 111 फूट येते. ती सलग न ठेवता सामाईक भिंतींचे 37 फुटांचे तीन कप्पे करावेत. जागा तेवढीच राहते, भिंतींचा खर्च वाढतो, परंतु एका वेळी एकच कप्पा उघडा राहतो. पाच फुटांत ट्रॅक्टर चालवता येत नाही, तेव्हा कुट्टीचे अर्ध्या फुटाचे थर देऊन प्रत्येक थर माणसांनी तुडवावा किंवा पाण्याने भरलेला ड्रम फिरवून दाबावा. पंचवीस मोठी जनावरे असतील, तर तोंड दहा फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच ठेवता येते आणि ट्रॅक्टरही चालतो. दोन-तीनच जनावरे असणाऱ्याने बांधकामात पैसे न घालता 50 किलोच्या पिशव्या भराव्यात. रोज एक पिशवी संपते.

जागेबाबत खानापूर आणि अथणी यांना एकच नियम लावता येत नाही. खानापूरकडे पावसात जमिनीतले पाणी वर येते, म्हणून खड्डा न खणता जमिनीवर बंकर बांधावा. अथणी, कागवाडच्या काळ्या जमिनीत माती फुगून भिंतींना तडे जातात. तेथे पाया खोल घेऊन मुरूम भरावा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या गावांनी 2019 च्या पुराची पातळी आठवून त्याहून उंच जागा निवडावी. तळाला दर दहा फुटांस दोन-तीन इंच उतार तोंडाकडे द्यावा.

मका दाणा चिकात, म्हणजे दाबल्यावर दुधासारखा चीक निघेल असा, असताना कापावा आणि भरलेला कप्पा किमान 45 दिवस उघडू नये; मार्चच्या मध्याला उघडायचा असेल, तर जानेवारीअखेर तो बंद झाला पाहिजे. पहिला कप्पा उघडल्यावर एक फूट लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा कापून त्याचे वजन करावे. ते 16 ऐवजी 13 किलो भरले, तर दाब कमी पडला आहे. तिन्ही कप्प्यांतला माल 180 ऐवजी सुमारे 146 दिवसांतच संपेल आणि पावसाच्या ओढीसाठी राखलेला महिना हातात उरणार नाही.