करसल्लागाराच्या टेबलावरचं टास्कवॉरियर

७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटी भरायचं मासिक विवरणपत्र). इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांची आणि सायझिंगवाल्यांची करकामं बघणाऱ्या माझ्यासारखीचा महिना असा आखलेलाच असतो. या तारखा झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. निसटतं ते मधलंच काहीतरी. कुणाची खरेदीची बिलं अजून आलेली नाहीत, कुणाला दुपारी परत फोन करायचा होता, कुठल्या नोटिशीचं उत्तर एका बँक स्टेटमेंटपायी अडकलंय. वहीत लिहिलं की सगळं एकाच पानावर गर्दी करतं. टास्कवॉरियर म्हणजे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारी कामांची यादी. मला ते पटलं ते एवढ्यासाठी, की आज ज्या कामाला हात लावता येणार नाही ते काम ते समोर आणत नाही.

हे फुकट आणि मुक्तस्रोत आहे, एमआयटी परवान्याचं. इंटरनेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, अशिलांची माहिती आपल्याच मशीनवर राहते. उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टास्कवॉरियर’ म्हणायचं. फेडोरावर आणि मॅकच्या होमब्रूमध्ये पॅकेजचं नाव नुसतं ‘टास्क’. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीतून. पहिल्यांदा चालवलं की सेटिंगची फाइल बनवू का म्हणून विचारतं, हो म्हणा. इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी.

सुरुवात सोपी:

टास्क ॲड "कापड दुकानाची खरेदी बिलं मागवणे" प्रोजेक्ट:कापड +फोन

अवतरणात मराठी चालतं. काही टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटक दिसतात, पण फाइलीत मजकूर नीट जातो. प्रोजेक्ट आणि टॅग (अधिक चिन्ह लावलेली खूण) मी रोमनमध्येच ठेवते, नाहीतर दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलत बसावं लागतं. अशिलाचं खरं नाव कुठेच घालत नाही. स्क्रीन टेबलावर उघडी असते आणि समोरच्या खुर्चीत दुसरा अशील बसलेला असतो.

काम झालं की ‘टास्क ७ डन’. आधी क्रमांक, मग क्रियापद. हा क्रमांक मात्र पाठ करू नका. कामं पूर्ण होत गेली की उरलेल्यांना नवे क्रमांक मिळतात. सकाळचं ७ दुपारी ५ झालेलं असतं. डन करण्याआधी यादी एकदा परत बघायची. चुकीचं काम उडालंच तर ‘टास्क अनडू’ आहे.

आता दरमहाच्या तारखा. या एकदाच घालायच्या:

टास्क ॲड "३बी भरणे" प्रोजेक्ट:कापड ड्यू:२०२६-०८-२० रिकर:मंथली वेट:ड्यू-६डी

यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा. वेट म्हणजे तोवर हे काम यादीत दिसू नये. सहा दिवसच का? २बी, म्हणजे खरेदीवर किती कर वजा मिळेल ते दाखवणारं जीएसटीचं पत्रक, १४ तारखेला तयार होतं. ते हातात येण्याआधी ३बी डोळ्यांसमोर नाचून करायचं काय? रिकर लावलेल्या कामाची पुढची प्रत ते स्वतःच बनवतं, आणि वेट नसेल तर या महिन्याचं संपवायच्या आत पुढच्या महिन्याचं यादीत येऊन बसतं. वेट तारखेला बांधून दिल्यामुळे दर महिन्याला तेही आपसूक सरकतं. ॲडव्हान्स टॅक्सला १५ सप्टेंबरची तारीख देऊन रिकर:क्वार्टर्ली लावलं की डिसेंबर, मार्च, जूनही आलेच. लपलेलं बघायचं असेल तर ‘टास्क वेटिंग’.

नोटिशीच्या उत्तराला वेटचा उपयोग नाही, कारण तिथे अडवणूक तारखेची नसून माणसाची असते. तिथे डिपेंड्स. समजा बँक स्टेटमेंट मागवण्याचं काम ९ क्रमांकावर आहे आणि उत्तराचा मसुदा १२ वर:

टास्क १२ मॉडिफाय डिपेंड्स:९

९ डन होईपर्यंत १२ अडलेलं धरलं जातं. ‘टास्क रेडी’ म्हटलं तर ते दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे ९ क्रमांकाचं काम यादीत वर सरकतं. टास्कवॉरियर प्रत्येक कामाला निकडीचा एक आकडा देतं: दुसऱ्याला अडवून ठेवणाऱ्या कामाला अधिक ८, अडलेल्याला वजा ५. तारखेचं वजन १४ दिवस आधीपासून वाढत जातं आणि तारीख उलटून ७ दिवस झाले की पूर्ण १२ होतं. ‘टास्क ९ इन्फो’ म्हणा, अख्खी बेरीज मांडून दाखवतं. आम्हा हिशेबाच्या माणसांना हे आवडतंच. वरचं काम वर का आहे ते ताळा करून बघता येतं.

ही वजनं पटली नाहीत तर बदलायची. माझ्याकडे नोटीस म्हटली की बाकी सगळं मागे, म्हणून:

टास्क कॉन्फिग अर्जन्सी.यूजर.टॅग.नोटीस.कोएफिशियंट १०

यापुढे कामाला +नोटीस लावलं की ते दहाने वर सरकतं. अशी वजनं एखाद-दुसरीच ठेवा. दहा टॅगना वजन दिलं की परत सगळंच तातडीचं होऊन बसतं.

सकाळी ऑफिस उघडलं की ‘टास्क नेक्स्ट लिमिट:५’. पाचच ओळी. चहा येईपर्यंत त्यातलं पहिलं सुरू झालेलं असतं. ऑफिसातली मुलगी आली की ‘टास्क +फोन लिस्ट’ काढून तिच्यापुढे ठेवते; एका दमात सगळे फोन उरकले जातात. फोनवर अशील जे सांगतो ते ‘टास्क ९ ॲनोटेट "सोमवारी पासबुक पाठवतो म्हणाले"’ असं त्याच कामाखाली तारखेसकट नोंदलं जातं. पुढच्या सोमवारी बोलायला हे फार उपयोगी पडतं. घरची कामं वेगळी ठेवायला कॉन्टेक्स्ट म्हणून सोय आहे. मी ऑफिसचा कॉन्टेक्स्ट लावला की गॅसचं बुकिंग दिसत नाही, आणि घरी त्याच्या उलट.

ज्यांना तारखांचा एवढा जाच नाही, त्यांना हे सगळं जडच वाटेल. त्यांनी टोडो-टीएक्सटी बघावं. जीना त्रपानी यांची ती साधी मजकुराची फाइल: एका ओळीत एक काम, प्रोजेक्टला अधिक चिन्ह, ठिकाणाला ॲट, अग्रक्रमाला कंसात अक्षर. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. तीत वेट आणि डिपेंड्स नाही, म्हणून माझ्या कामाची नाही.

बॅकअपचं मात्र टाळू नका. मार्च २०२४ च्या ३.० आवृत्तीपासून टास्कवॉरियर सगळं एका एसक्यूलाइट फाइलीत, म्हणजे छोट्या डेटाबेसमध्ये, ठेवतं. त्याआधी साध्या मजकुराच्या फाइली असत. म्हणून २.६ वरून चढणाऱ्यांनी नवीन बसवायच्या आधी ‘टास्क एक्सपोर्ट’ करून ठेवावं आणि मग नव्यात ते इम्पोर्ट करावं. मी तर दर २१ तारखेला, ३बीची घाई सरली की, एक्सपोर्ट करून त्यातून निघणारी जेसन नावाच्या मांडणीतली मजकुराची फाइल पेन ड्राइव्हवर टाकते. आणि हो, ते कामही रिकर:मंथली लावून यादीतच आहे.