स्पीकरची घरघर घालवा, पण अर्थिंगला हात न लावता

स्पीकरमधून सतत घरघर येऊ लागली की ‘ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक’ असा सल्ला हमखास मिळतो. तसं केल्यावर आवाज बऱ्याचदा थांबतोही. तरी कृपा करून हे करू नका. आतली फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर करंट जमिनीकडे वाहून नेणारी वाट ही अर्थ पिनच असते. ती तोडली की तो करंट बॉडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, ते बघा.

आता घरघरीचा माग काढू. अर्थिंग असलेली दोन उपकरणं ऑडिओ केबलनेही जोडली, की अर्थची वायर आणि केबलची जाळी मिळून एक वर्तुळ तयार होतं. त्यात 50 किंवा 60 हर्ट्‌झचा बारीक करंट फिरतो आणि तोच ऐकू येतो. ॲम्प्लिफायर बंद करून सगळ्या इनपुट केबल काढा, मग चालू करा. तरीही घरघर असेल तर दोष बहुधा ॲम्प्लिफायरमध्येच आहे, तो दुरुस्तीला द्या. शांत झाला, तर एकेक केबल जोडत जा. दर वेळी आधी बंद करून. टीव्हीला येणारी अँटेनाची किंवा केबलची वायर हा नेहमीचा संशयित. ती काढल्यावर आवाज थांबला, तर तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण वायरीचा थेट जोड तोडणारा) बसवा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबला, तर ऑडिओ केबलच्या मध्ये तेच काम करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. वर्तुळ तोडायचं ते इथे, सिग्नलच्या बाजूला. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घेतल्यानेही बराच फरक पडतो.

ऑडिओसाठी जमिनीत वेगळा रॉड ठोकून त्यालाच अर्थ जोडण्याची कल्पनाही घातक आहे. मातीचा रोध 20 ओहम धरला तर फेजची वायर बॉडीला टेकल्यावर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा ॲम्पिअर वाहतील. 16 ॲम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्याने पडत नाही, आणि आरसीसीबी नसेल तर बॉडीत करंट तसाच राहतो. घरातलं अर्थिंग एकमेकांना जोडलेलंच हवं.

घरघरीऐवजी चरचर येत असेल तर दिव्याचा डिमर बंद करून बघा. पॉवरच्या वायरी ऑडिओ केबलला समांतर नेऊ नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. महागड्या पॉवर केबलवर पैसे घालण्यापेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या. मात्र सर्जचा, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजचा, बराच भाग तो अर्थकडे वळवतो, त्यामुळे अर्थिंग धड नसेल तर त्याचा पुरता उपयोग होत नाही.